निकाल मराठीत, नोटीस मात्र कानडीत

सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल २०१९ पासून मराठीतही मिळू लागले. आनंद आहे. पण आम्हा बेळगावकरांच्या दारात येते ती खालच्या कोर्टाची नोटीस, आणि ती कानडीत! बँकेच्या काउंटरवर म्हातारी माणसे घडी उलगडून विचारतात, "बाळा, यात काय लिहिलंय?" कधी कधी तोवर तारीख उलटून गेलेली असते. मोबाईलवर पुढची तारीख दिसते खरी. पण कागदच कळला नाही तर केस नंबर शोधणार कोण? भाषांतराचे जे यंत्र दिल्लीत चालते, ते नोटिशीला का चालू नये? कानडीला आमचा विरोध नाही, सोबत मराठी प्रत हवी. मंडळाने तसे निवेदन जिल्हा न्यायाधीशांना द्यावे. आणि भगिनींनो, १९८७ च्या कायद्याने तुम्हाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० फिरवा.