बिबट्या आपल्या उसात, मग त्याचं शिकलेला माणूस बाहेरचा का?



आज कांदा-टोमॅटोचं बाजूला ठेवतो. जरा पोरांच्या शिक्षणाचं बोलायचंय.

यंदा ऊस तुटायला आला तेव्हा तिसऱ्या दिवशी टोळीला फडात बिबट्याचे दोन बछडे घावले. मांजराएवढे, डोळे नुकते उघडलेले. कोयते थांबले. वनखात्याची माणसं आली, त्यात एक वनरक्षक मुलगी होती, पंचवीस-सव्वीसची असेल. तिनं सगळ्यांना लांब केलं, बछडे तपासून घेतले आणि अंधार पडायच्या आत जिथं सापडले तिथंच क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावला. रात्री मादी आली, एकेक करून दोन्ही उचलून घेऊन गेली. सकाळी कॅमेऱ्यात आम्ही सगळ्यांनी बघितलं.

माझी पुतणी बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "तात्या, हे शिकायला कुठं जायचं?" पन्नाशी उलटली, जन्म जुन्नरात गेला, पण मला सांगता येईना. मग विचारत फिरलो. जे कळलं ते लिहितो.

वनशास्त्र म्हणून चार वर्षांची पदवी आहे, बी.एस्सी. फॉरेस्ट्री. आपल्या राज्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. बारावी सायन्स आणि सीईटी लागते. झाडं मोजायची एवढाच अभ्यास नाय हो. रोपवाटिका, माती, पाणलोट, लाकूड, बांबू, वन्यप्राणी, उपग्रहाच्या फोटोवरनं जंगलाचा नकाशा, सगळं येतं. पुढं एमपीएससीतून वनक्षेत्रपाल (आपण आरएफओ म्हणतो तो) आणि सहायक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. वनरक्षकाला पदवी लागत नाय. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एक विषय असला की चालतं, अनुसूचित जमातीच्या पोरांना दहावीवर भरता येतं. चालण्याची परीक्षा असते, पोरांना चार तासांत २५ किलोमीटर, पोरींना १६. आहुपे, कोंढवळ, घाटघरच्या पोरांना एवढं चालणं काय नवीन आहे का? तरी फॉर्म भरणारी किती, ते आपल्या गावात मोजा.

गावात एकजण लगेच म्हणाला, "जागा निघतात किती?" खरं आहे. जागा थोड्या, भरती वर्षानुवर्षं लांबते, आणि एमपीएससीला दुसऱ्या सायन्सच्या पदवीची पोरंही बसतात. पदवी घेतली की नोकरी दारात, असं मी म्हणत नाय. कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

पण माझं म्हणणं नोकरीपुरतं नाय. माणूस शिकलेला नसला की काय होतं ते आपण भोगलंय. आठवतं का, २००१ च्या सुमाराला दिसला बिबट्या की लाव पिंजरा, धर आणि सोड डोंगराकडच्या जंगलात, असं चाललं होतं. आपणच मोर्चे काढून ते करायला लावलं, आपणही त्यात होतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते २००१ ते २००३ मध्ये सरासरी १७ वर गेले, आणि जास्तीचे हल्ले सोडलेल्या जागांच्या आसपास झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. हे शोधायला बाहेरनं माणसं यावी लागली. ऊस आपला, मेलेली माणसं आपली, आणि हिशोब मांडणारं आपल्यातलं कोणी नाय.

दुसरं, हिरड्याचं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी बांधवांचा वर्षाचा पैसा बाळहिरड्यावर असतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं हिरड्याची झाडं मोडली, भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली. झाडं किती, कोणत्या वयाची, उत्पन्न किती, याची नोंद ग्रामसभेकडं स्वतःची असती तर बोलणं सोपं झालं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गोळा करणाऱ्याचा हक्क मानलाय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकायला लागलं. तिथं जंगल मोजलं, नियम केले, हिशोब ठेवला. आपल्याकडच्या ग्रामसभेला हे काम करून देणारी पोरगी आपल्याच गावची का नसावी?

बागायतदारांनाही सांगतो. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड धरला जात नाय, तो तोडायला नेण्याची कटकट कमी झाली. बांधावर, पडीक रानात काय लावावं, कोणत्या अंतरानं, किती वर्षांनी पैसा होईल, हे सांगणारा माणूस तालुक्यात शोधूनही घावत नाय. रोपवाटिका, बांबू, ड्रोननं मोजणी, कॅमेऱ्याची कामं, यातही पोट भरतं. ते कष्टाचं आहे, पण आपलं कोणतं काम बिनकष्टाचं असतं?

कृषी अधिकारी, प्राध्यापक मंडळी पेज वाचतात, त्यांना विनंती. घोडेगाव, जुन्नर, ओतूरच्या ज्युनियर कॉलेजात एकेक तास येऊन या शिक्षणाबद्दल बोला. इंजिनिअरिंगची जाहिरात दर चौकात आहे, याची एकही नाय.

पुतणीचा बाप अजून बीसीएवर अडून आहे. त्याचंही चुकत नाय, कर्ज त्यालाच फेडायचंय. मी एवढंच ठरवलंय, ऊस गेला की दोघांना गाडीत घालून दापोलीला नेतो. बघून ठरवू द्या.

तुमच्या गावात कोणी हे शिकलेलं असलं तर खाली लिहा. पोरीला त्यांच्याशी बोलायचंय.