घर विकावे, पण विहीर विकू नये



‘गावात जुने, टुमदार कौलारू घर. सभोवती आंबा-फणसाची बाग, गोठा, लाकडांची खोपी. स्वतःची बारमाही विहीर. त्वरित विकणे आहे.’ अशा मजकुराच्या जाहिराती हल्ली मोबाईलवरून सारख्या फिरतात. कोकणातील आपल्या बौद्धवाड्यांमधील घरेही आता त्यांत दिसू लागली आहेत. घेणारा बागेकडे बघतो, विकणारा रकमेकडे बघतो. आम्हाला मात्र त्यातले तीन शब्द खटकतात : ‘स्वतःची बारमाही विहीर’. आजचा लेख त्या तीन शब्दांवर आहे.

मंडणगड तालुक्यातील एका वाडीतले असेच एक घर गेल्या वर्षी विक्रीस निघाले. कागद पाहण्यासाठी त्या कुटुंबाने आम्हाला बोलावले. आम्ही पेशाने कारकून, कागद वाचणे हे आमचे रोजचेच काम. मुंबईच्या गोदीत राबणाऱ्या आजोबांनी १९५२ साली हे घर बांधले. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे पडवी, आत ओटी आणि माजघर. एका अंगाला गोठा, मागे न्हाणी आणि खोपी. परसदारी रातांबा, शेवगा, दोन फणस, एक रायवळ आंबा. माजघराच्या देवळीत १९५६ नंतर भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आला. वर्षावासात त्याच पडवीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होई. गोठ्यातली गुरे गेल्यावर तेथे पोरांचा अभ्यासवर्ग भरू लागला. घर एका कुटुंबाचे होते, पण वापर साऱ्या वाडीचा होता.

आता तिघे भाऊ मुंबईच्या आसपास स्थायिक झाले आहेत. कोणाच्या डोक्यावर घराचे कर्ज, कोणाच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी. गावचे घर पावसाळ्यात गळते, कौले चाळायला माणूस मिळत नाही. अशा वेळी त्यांनी घर विकायचे ठरवले तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. खेड्याचे गोडवे आपण तरी गाऊ नयेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या या भाबड्या प्रेमाचा चांगलाच समाचार घेतला होता. घर विकणे हा काही गुन्हाही नव्हे. बाबासाहेबांनी मुंबईतील ‘चार मिनार’ ही आपली इमारत १९४१ साली विकली आणि ग्रंथांचे ‘राजगृह’ मात्र राखले. काय विकायचे आणि काय राखायचे, हे ठरवता आले पाहिजे, एवढेच.

या घरात राखण्यासारखे काय होते? ती विहीर. गावची विहीर वाडीला बंद होती, म्हणून १९५३ च्या उन्हाळ्यात आजोबांनी परसात विहीर खणायला घेतली. वाडीतल्या पुरुषांनी पहारी चालवल्या, बायकापोरांनी माती वाहिली. पाणी लागले आणि त्या दिवसापासून सारी वाडी तेथे पाणी भरू लागली. पण जागा आजोबांची, म्हणून विहीरही कागदोपत्री त्यांचीच. सत्तर वर्षांत कोणाला कधी कागदाची गरज वाटली नाही. विक्रीचा विषय निघाला तेव्हा कळले, की नवा मालक कुंपण घालील, फाटकाला कुलूप लावील आणि वाडीच्या हाती काहीही राहणार नाही.

काहीजण म्हणतील, आता नळ आले, विहिरीचे काय घेऊन बसलात? त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत कोकणात चार दिवस राहून बघावे. नळ असतो, पाणी नसते. तेव्हा हंडे शेवटी विहिरीवरच येतात.

पाणी आणि कागद यांचे नाते आपल्याला नवे नाही. मंडणगडपासून महाड काही फार दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, पण लढा तेथे संपला नाही. तळे कोणाच्या मालकीचे, ते सार्वजनिक की खासगी, यावर पुढे दावा चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! ज्या समाजाने पाण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या दहा वर्षे झिजवल्या, त्याच समाजातील विहीर बेफिकिरीने परक्याच्या कुंपणात जावी, हे आम्हाला पटत नाही.

आता कागदांकडे वळू. भावांनी आमच्यापुढे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा ठेवला. त्यावर वडिलांचे नाव होते. हा उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गावठाणात घर असेल तर मिळकत पत्रिका पाहावी. २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका देण्यात येत आहेत. घर किंवा बाग गावठाणाबाहेर असेल तर सातबारा पाहावा. तेथे ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास सावध व्हावे. महारकी वतने गेली, पण त्या वतनी जमिनी ज्यांना परत मिळाल्या, त्यांपैकी अनेकांना त्या नव्या शर्तीने मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. दलाल म्हणेल, ‘नंतर बघू’. ऐकू नये. शिवाय बाग शेतजमिनीत मोडत असेल, तर एरवी ती शेतकरी असलेल्यालाच घेता येते.

मग आम्ही विचारले, ‘वारस किती?’ भाऊ म्हणाले, ‘आम्ही तिघे.’ आम्ही विचारले, ‘बहिणी?’ दोन. ‘आणि आजोबांना मुली?’ तेव्हा कोठे आत्याचे नाव निघाले. खेडकडे दिलेली, आज ऐंशी ओलांडलेली.

हिशेब साधा आहे. घर आजोबांच्या स्वकष्टाचे. आजी आधीच वारल्या होत्या आणि आजोबा १९७४ साली मृत्युपत्र न करता वारले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा, म्हणजे निम्मे घर वडिलांचे आणि निम्मे आत्याचे! वडिलांच्या निम्म्यात आई हयात नसल्याने पाच भावंडे, म्हणजे प्रत्येकास दहावा हिस्सा. तिघा भावांचे मिळून दहांत तीन हिस्से होतात आणि निघाले होते ते सगळे घर विकायला. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. मग वाटणीच्या वेळी आत्या आणि ताई आठवत का नाहीत?

भाऊ माणसे सरळ. दुसऱ्याच आठवड्यात ते आत्याला गाडीत घालून घेऊन आले. आम्ही तिला सारे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘विका रे बाबांनो, घर विका. पोरांची शिक्षणं महत्त्वाची. पण त्या हिरीची माती मी डोक्यावरून वाहिलीय. ती हीर न् तिची वाट माझ्या वाट्याला घाला. उरलेले पैसे द्या.’

आत्याने हक्क सोडला नाही, हे बहिणींनी ध्यानात घ्यावे. माहेर तुटेल या भीतीने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवू नये. तिने आपला हिस्सा मोजून घेतला आणि त्यातला एक भाग कशासाठी द्यायचा, हे स्वतः ठरवले.

पुढचे काम रीतसर झाले. मोजणी करून विहीर आणि रस्त्यापासून तिच्यापर्यंतची पाऊलवाट वेगळी दाखवली. सर्व वारसांच्या सह्यांनी वाटणीपत्र नोंदवले. नंतर आत्याने विहीर आणि वाट बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीस दिली. ग्रामपंचायतीने ती स्वीकारल्याचा ठराव केला. विहीर गेल्यामुळे गिऱ्हाईकाने भाव थोडा पाडला. भावांनी तो मान्य केला आणि घराचे खरेदीखत झाले.

वहिवाटीचा हक्क असतोच की, असे काही वाचक म्हणतील. असतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराने असा हक्क मिळू शकतो. पण तो वापर हक्क म्हणून झाला की मालकाच्या परवानगीने, यावर सगळे अडते. ‘आजोबांनी मोठ्या मनाने पाणी भरू दिले’ असे साक्षीत निघाले की दावा लंगडा पडतो. आणि साक्ष द्यायला तेव्हाची माणसे किती उरली आहेत? म्हणून घर नावावर आहे तोवर, गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी, कागद करावा. आपल्या घराच्या जागेत सार्वजनिक वापराची विहीर असो, विहाराकडे जाणारी वाट असो की जयंतीचा मंडप घालण्याचे अंगण असो, ते आधी वेगळे काढावे. इसार पावतीवर सही करण्यापूर्वी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या कानावर घालावे. वारसांपैकी कोणाला घर घ्यायचे असेल तर त्याला आधी विचारावे. कायद्यानेही पहिल्या वर्गातील वारसांना असा अग्रहक्क दिला आहे. आणि जुन्या पेटीतले सभांचे इतिवृत्त, पावत्या, फोटो रद्दीत घालू नयेत, ते विहारात जमा करावेत.

बक्षीसपत्र लिहिताना आत्याने एक वाक्य हट्टाने घालून घेतले. या विहिरीवर जात, धर्म न पाहता कोणासही पाणी भरता यावे. ज्या गावाने एकेकाळी या वाडीला पाणी नाकारले, त्या गावासाठीही ही विहीर आता खुली आहे. यंदाच्या मे महिन्यात वरच्या आळीतले हंडे तेथे आले. कोणी कोणाला काही विचारले नाही.

जयभीम.