विश्लेषण : आफ्रिकेतील शिकार-सफारीत ‘आउटफिटर’ची निवड कळीची का? दरपत्रकाआड काय दडलेले असते?

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या माळरानांवर दरवर्षी हजारो परदेशी पाहुणे रायफल घेऊन उतरतात. यातील बहुतेकांचे लक्ष्य सिंह किंवा हत्ती नसते, तर कुडू, इम्पाला, झेब्रा असे चरणारे प्राणी असते. या शिकारीला तेथे कायद्याची मान्यता आहे. मात्र प्रत्यक्षातील शिकार कायद्यात बसते की नाही, जनावर त्याच रानात वाढलेले असते की आठवड्यापूर्वी ट्रकमधून आणून सोडलेले आणि पाहुण्याचा पैसा नेमका कुठे जातो, हे बरेचसे एका निवडीवर ठरते. ती निवड म्हणजे सफारीचे आयोजन करणारा ‘आउटफिटर’.

‘प्लेन्स गेम’ म्हणजे काय?

आफ्रिकेतील शिकारीचे ढोबळ दोन प्रकार. हत्ती, सिंह, बिबट्या, गेंडा आणि रानम्हैस हे ‘डेंजरस गेम’. कुडू, इम्पाला, गेम्सबॉक, वाइल्डबीस्ट, स्प्रिंगबॉक, ईलँड, झेब्रा, वॉर्टहॉग आदी प्राणी ‘प्लेन्स गेम’. दुसऱ्या प्रकाराचा खर्च बराच कमी असतो. त्यामुळे पहिल्यांदा आफ्रिकेत जाणारे शिकारी साधारण सात ते दहा दिवसांची प्लेन्स गेम सफारीच निवडतात. मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा. झाडोरा विरळ झालेला असतो आणि जनावरे पाणवठ्याजवळ येतात.

आउटफिटर आणि ‘प्रोफेशनल हंटर’ यांत फरक काय?

आउटफिटर हा सफारीचा ठेकेदार. जमिनीवर शिकारीचा हक्क मिळवणे, परवाने काढणे, मुक्काम, वाहने, माग काढणारे कामगार आणि शेवटी शिंगे-कातडी परदेशी पाठवण्याची सोय या सगळ्याची जबाबदारी त्याची. प्रत्यक्ष रानात पाहुण्यासोबत चालतो तो ‘प्रोफेशनल हंटर’, म्हणजे पीएच. कोणते जनावर टिपायचे, कोणते सोडायचे आणि जखमी झाले तर माग कसा काढायचा, हे तो ठरवतो. दक्षिण आफ्रिकेत दोघांनाही प्रांतिक सरकारचा स्वतंत्र परवाना लागतो. परदेशी शिकाऱ्यासोबत परवानाधारक पीएच असणे आणि सफारीपूर्वी लेखी करार होणे बंधनकारक आहे.

इथेच पहिली मेख आहे. एका प्रांतात परवाना असलेला आउटफिटर दुसऱ्या प्रांतातील शेतावर शिकार घडवणार असेल, तर तेथील परवाना त्याच्याकडे आहे का, हे पाहुण्याने विचारायला हवे. एका पाहुण्यामागे एक पीएच की दोघांत एक, हेही आधीच स्पष्ट व्हायला हवे. स्वस्त पॅकेजमध्ये अनेकदा दोघांत एक पीएच असतो. मग एकाची शिकार सुरू असताना दुसऱ्याला ताटकळावे लागते.

जनावराचा मालक कोण?

भारतीय वाचकाला सर्वांत अनोळखी वाटेल अशी ही बाब. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे आणि वन्यप्राणी खासगी मालमत्ता होऊ शकत नाही. रोही किंवा रानडुकरांनी पीक फस्त केले तरी शेतकऱ्याला वन विभागाच्या परवानगीची वाट पाहावी लागते. दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या ‘गेम थेफ्ट’ कायद्याने उलट वाट धरली. पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरील वन्यप्राणी जमीनमालकाचा ठरतो. नामिबियाने १९७५च्या अध्यादेशाने जमीनमालकांना वन्यप्राण्यांवर हक्क दिले. पुढे १९९६च्या दुरुस्तीने सामुदायिक जमिनीवरील गावांनाही ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापून हे हक्क मिळवण्याची वाट खुली झाली.

परिणाम असा की, अनेक शेतकऱ्यांनी गुरे कमी करून कुडू आणि इम्पाला राखायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेत आज अशा खासगी रँचची संख्या काही हजारांत आहे. म्हणजेच आउटफिटर निवडताना पाहुणा नकळत जमिनीच्या वापराची एक पद्धतही निवडत असतो.

दरपत्रक कसे वाचायचे?

खर्चाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला दिवसाचा दर. त्यात मुक्काम, जेवण, पीएच आणि वाहन येते. दुसरा ‘ट्रॉफी फी’, म्हणजे टिपलेल्या प्रत्येक जनावराची किंमत. इम्पालाची फी सहसा काही शे डॉलर असते, तर मोठ्या शिंगांच्या कुडूची काही हजार डॉलरपर्यंत जाते.

बारीक अक्षरांतील अटी महत्त्वाच्या. जनावर जखमी होऊन निसटले तरी पूर्ण फी द्यावी लागते, हा सर्वत्र रूढ नियम आहे. मूल्यवर्धित कर, विमानतळावरून नेणे-आणणे, भाड्याची रायफल, कातड्यावरील प्राथमिक प्रक्रिया, मालवाहतूक आणि कामगारांची बक्षिसी यांचा हिशेब बहुधा वेगळा होतो. अमेरिकेतील शिकार-प्रदर्शनांत ‘दान’ म्हणून लिलावात निघणाऱ्या स्वस्त सफारींचे गणितही असेच. दिवसाचा दर माफ होतो आणि वसुली ट्रॉफी फीमधून होते. स्वतःची रायफल न्यायची तर दक्षिण आफ्रिकी पोलिसांचा ‘एसएपीएस ५२०’ अर्ज भरावा लागतो. या कामात आउटफिटर मदत करतो का, यावरूनही त्याची व्यावसायिकता कळते.

कुंपणाचा मुद्दा वादग्रस्त का?

दक्षिण आफ्रिकेतील बहुतेक प्लेन्स गेम शिकार उंच कुंपणाच्या आत होते. कुंपण आहे म्हणून शिकार बनावट ठरत नाही. हजारो हेक्टरच्या रानात कुडू दिवसेंदिवस दिसत नाही. प्रश्न आहे तो ‘पुट अँड टेक’चा. यात पाहुण्याच्या यादीनुसार लिलावातून जनावर विकत आणले जाते, छोट्या आवारात सोडले जाते आणि काही दिवसांत टिपले जाते. त्या जनावराला ना जागा ओळखीची, ना पाणवठा.

म्हणून केवळ क्षेत्रफळ विचारून भागत नाही. कळप तेथेच वाढतो का, शेवटचे जनावर बाहेरून कधी आणले, एका हंगामात किती जनावरे टिपली जातात, हे खरे प्रश्न आहेत. सोनेरी वाइल्डबीस्ट किंवा काळा इम्पाला यादीत ठळकपणे असेल, तर तो मुद्दाम पैदास केलेल्या रंगप्रकारांचा बाजार समजावा. एकेकाळी या जनावरांना लिलावात अवाच्या सवा भाव मिळत. पुढे तो फुगा फुटला.

कागद चुकला तर काय होते?

कुडू, इम्पाला, गेम्सबॉक यांच्या ट्रॉफी मायदेशी नेण्यासाठी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागत नाही. हार्टमन झेब्र्यासाठी मात्र तो लागतो. ब्लेसबॉक आणि बोंटेबॉक दिसायला सख्खे भाऊ, पण बोंटेबॉक साइट्सच्या यादीत आहे आणि अमेरिकेत नेण्यासाठी तेथील सरकारचीही वेगळी परवानगी लागते. हे आधी न सांगणारा आउटफिटर पाहुण्याला गोत्यात आणू शकतो. परदेशातील वन्यजीव कायदा मोडून आणलेली वस्तू अमेरिकेच्या ‘लेसी’ कायद्यानुसार गुन्ह्याचा विषय ठरते.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दक्षिण आफ्रिकेतील एका सफारी कंपनीच्या मालकांवर आरोपपत्र ठेवले. उपद्रवी गेंडा असल्याचे सांगून परवाना नसलेल्या शिकारी अमेरिकी ग्राहकांना विकल्याचा आणि नंतर शिंगे काळ्या बाजारात नेल्याचा आरोप त्यात होता. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत ‘सेसिल’ या सिंहाची शिकार जगभर गाजली. तेव्हाही अमेरिकी शिकाऱ्याने आपण स्थानिक मार्गदर्शकांवर विसंबलो होतो, असे सांगितले. त्याच्यावर खटला भरला गेला नाही, पण बदनामी टळली नाही.

संघटनेचे सदस्यत्व पुरेसे आहे का?

नामिबियात ‘नाफा’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘फासा’ या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या जुन्या संघटना आहेत. सदस्यत्व असले की तक्रार करायला एक जागा मिळते, पण ते प्रमाणपत्र नव्हे. २०१५ मध्ये फासाने पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांच्या शिकारीपासून अंतर राखले होते. २०१७ मध्ये तिने ती भूमिका बदलताच अनेक सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. २०१८च्या सुरुवातीला अमेरिकेतील दोन मोठ्या शिकार-क्लबांनीही अशा सिंहशिकारीपासून फारकत घेतली. त्यामुळे प्लेन्स गेमचा ग्राहकही आता ‘हाच आउटफिटर असे सिंह विकतो का?’ हे विचारू लागला आहे.

जुन्या ग्राहकांकडे चौकशी हा आणखी एक मार्ग. आउटफिटर स्वतः देईल ती नावे खूश ग्राहकांचीच असणार. म्हणून ज्याला हवे ते जनावर मिळाले नाही, अशा पाहुण्याशी बोलणे अधिक उपयोगी. रिकाम्या हाताने परतलेला माणूसही समाधानी असेल, तर ती शिकार प्रामाणिक होती असे समजायला हरकत नाही.

यातून संवर्धन होते की निव्वळ धंदा?

दोन्ही बाजूंना आधार आहे. १९३१ मध्ये बोंटेबॉकसाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा तेथे अवघी १७ जनावरे होती. आज ही संख्या हजारांत गेली आहे आणि त्यात खासगी जमिनींचाही वाटा आहे. नामिबियात ८६ सामुदायिक कॉन्झर्व्हन्सी आहेत. शिकारीतून मिळणारे मांस आणि पैसा तेथील अनेक गावांपर्यंत पोहोचतो. दुसरीकडे, कुंपणांनी प्राण्यांच्या जुन्या वाटा तोडल्या आणि महागड्या कळपांच्या मालकांना बिबट्या, चित्ता शत्रू वाटू लागले. भारतात २०२३ मध्ये आलेले १२ दक्षिण आफ्रिकी चित्तेही तेथील कुंपणबंद राखीव क्षेत्रांच्या जाळ्यातूनच आले होते.

बंदी हा उपाय आहे का?

केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली. ब्रिटनमध्ये ट्रॉफी आयातबंदीचे विधेयक २०२३ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, पण वरिष्ठ सभागृहात अडकले. हा वाद लवकर मिटणारा नाही. तोवर दक्षिण आफ्रिकेतील प्रत्येक रँचवर निरीक्षक उभा राहणे शक्य नाही. कळप कुठला, परवाना कोणत्या प्रांताचा, मांस कुणाच्या घरी जाते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारू शकतो तो ग्राहकच. या प्रश्नांना लेखी उत्तर न देणारा आउटफिटर कितीही स्वस्त असला, तरी त्या स्वस्ताईची किंमत जनावर, गाव किंवा खुद्द पाहुणा यांपैकी कुणीतरी मोजत असतो.