कलावंतांची घरे आणि नवी स्थानपोथी

चित्रकाराची चित्रशाळा, कवीचे जन्मघर, कादंबरीकाराची लेखनाची खोली अशा वास्तूंना जाणकार वाटाड्याबरोबर भेट देण्याची प्रथा युरोपात फार पूर्वीच रूढ झाली. महाराष्ट्रातही ती आता रुजू लागली आहे. गणपतीपुळ्यास आलेला प्रवासी मालगुंडला केशवसुतांचे घर पाहून येतो. महाविद्यालयांतील मराठी विभागांच्या अभ्याससहलींतही अशा स्थळांचा समावेश होतो. या प्रथेचे स्वागतच करावयास हवे. परंतु अशा भेटीतून साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘येथे अमुक कवी राहत असे’ हे एक वाक्य आणि सर्वांचे मिळून एक छायाचित्र एवढ्यावर भेट संपत असेल, तर ती सहल झाली, अभ्यास झाला नाही. कलावंताचे घर हीही एक संहिता आहे, तिलाही पाठचिकित्सेचे निकष लावले पाहिजेत आणि हे काम मराठी विभागांनी अंगावर घेतले पाहिजे, अशी भूमिका येथे मांडावयाची आहे.

या भूमिकेवर पहिला आक्षेप समीक्षेच्या बाजूने येईल. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह मराठी समीक्षेत चांगलाच दृढ झाला. कविता समजून घेण्यासाठी कवितेपाशीच गेले पाहिजे, कवीच्या ओटीवर जाऊन काय साधणार, असे विचारले जाते. या विचारण्यात तथ्य आहे. घर पाहिल्याने कवितेचे मूल्य वाढत नाही अथवा कमीही होत नाही. परंतु मूल्यमापन हे साहित्याभ्यासाचे एक अंग झाले. निर्मितिप्रक्रियेचा शोध, चरित्र आणि वाङ्मयेतिहास ही त्याची इतर अंगे आहेत. त्यांच्या दृष्टीने वास्तू हे एक साधन आहे आणि कोणतेही साधन तपासल्यावाचून स्वीकारावयाचे नसते. म्हणजे प्रश्न घर पाहावे की न पाहावे असा नसून, ते कसे पाहावे, असा आहे.

याचे एक उत्तर मराठीच्या परंपरेतच सापडते. महानुभाव वाङ्मयातील ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे अभ्यासकांना सुपरिचित आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, त्या स्थळांची ही नोंद. तिचे वैशिष्ट्य असे, की सर्व स्थळे तिने एकाच मापाने मोजलेली नाहीत. स्वामी जेथे केवळ बसले ते आसनस्थान, जेथे रात्रीपुरते राहिले ते वसतिस्थान, जेथे काही काळ मुक्काम केला ते अवस्थान, असा भेद तीत केलेला आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, स्थान गावाच्या कोणत्या अंगास आहे, याचाही तपशील येतो. हा ग्रंथ भक्तांच्या स्थानवंदनासाठी सिद्ध झाला, संशोधनासाठी नव्हे, हे खरे. पण ध्यानात घ्यावयाचे ते हेच, की येथे भक्तीलाच अचूकपणा हवा होता. वंदन करावयाचे ते खऱ्या स्थळालाच, ही निष्ठा त्या नोंदींच्या मुळाशी आहे. आजच्या स्मारकयात्रेत भक्ती आहे, अचूकपणाची ही ओढ मात्र क्षीण झाली आहे.

ती क्षीण झाली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. सर ज. जी. कलाशाळेच्या आवारातील एक बंगला रडयार्ड किपलिंगचे जन्मस्थान म्हणून दाखवला जातो. किपलिंगचा जन्म १८६५ चा. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी कलाशाळेत अध्यापक म्हणून आले होते. तेव्हा आवार खरे आहे. परंतु आज उभा असलेला बंगला किपलिंगच्या जन्मानंतरचा आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे स्थळ मूळचे आहे आणि वास्तू उत्तरकालीन आहे. एवढा भेद सांगितला, तर भेटीचा रस कमी होत नाही. तो सांगितला नाही, तर प्रक्षिप्त ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवण्यासारखेच ते होते.

याउलट, नंतर जुळवलेली वास्तूही प्रामाणिक असू शकते. ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्राँने १६३९ मध्ये विकत घेतलेले घर १९११ पासून संग्रहालय आहे. तेथे मांडलेल्या बहुतेक वस्तू रेम्ब्राँच्या स्वतःच्या नाहीत. त्या त्याच्या काळातील वा त्या पद्धतीच्या आहेत. तरीही त्या मांडणीला आधार आहे. १६५६ मध्ये रेम्ब्राँचे दिवाळे निघाले, तेव्हा त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी करण्यात आली. कोणत्या दालनात कोणती चित्रे, कोणते पुतळे, कोणत्या कुतूहलाच्या वस्तू होत्या, हे त्या यादीवरून कळते. देणेकऱ्याच्या दुर्दैवाने तयार झालेली ही यादी पुढे त्या घराची आधारप्रत ठरली. मूळ प्रत हरवली असता विश्वसनीय साधनांवरून पाठ सिद्ध करावयाचा, हीच संपादकाची रीत येथे दिसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्या परंपरेतील वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

वास्तूच हलवावी लागली तर काय करावयाचे, याचेही एक उदाहरण उपलब्ध आहे. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९९२ मध्ये मरण पावला. त्याची लंडनमधील चित्रशाळा १९९८ मध्ये डब्लिनच्या ह्यू लेन कलासंग्रहालयास मिळाली. तेथील पसारा अवाढव्य होता. फाटकी छायाचित्रे, पुस्तकांची पाने, वाळलेल्या रंगांचे थर आणि फाडलेले कॅनव्हास धरून सात हजारांहून अधिक वस्तू त्या एका खोलीत निघाल्या. उत्खननाच्या शिस्तीने प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून ती खोली डब्लिनमध्ये पुन्हा उभारण्यात आली व २००१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. जमीन बदलली, पण वस्तूवस्तूंमधील संबंध टिकला. उलट, घर जागच्या जागी राखून त्याच्या भिंती नव्याने रंगवल्या, सामान आवरले आणि नोंद मात्र ठेवली नाही, तर घर उभे असूनही संहिता नष्ट होते. आवराआवर हा स्मारकांचा एक मोठा शत्रू आहे.

निर्मितिप्रक्रियेवर वास्तू खरोखर प्रकाश टाकते ती अशा तपशिलांमुळे. दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी सेझानने आयुष्याच्या अखेरच्या चार वर्षांत, १९०२ ते १९०६ या काळात, वापरलेली चित्रशाळा आहे. तिच्या भिंतीत एक उंच, अरुंद फट ठेवलेली आहे. दारातून न मावणारे मोठे कॅनव्हास ये-जा करावेत, यासाठी ती योजना होती. स्नान करणाऱ्या स्त्रियांची त्याची प्रचंड चित्रे पाहणाऱ्याला ही फट बरेच काही सांगते. म्हातारा चित्रकार घर बांधतानाच किती मोठ्या कामाची तयारी करीत होता, हे तीवरून उमगते. ‘येथे सेझान राहत असे’ या वाक्यातून ते कधीच उमगले नसते.

मात्र चित्रशाळा, अभ्यासिका या कल्पना जशाच्या तशा मराठी कवीला लावता येत नाहीत, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि संग्रह १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यांची अभ्यासिका शोधू गेल्यास ती जात्यापाशी, चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर सापडते. जळगावच्या चौधरीवाड्यात त्यांच्या घरातील वापराच्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. तेथे जाते हे गतकाळाचे शोभेचे दर्शन म्हणून दाखवावयाचे, की गाण्याच्या लयीचे साधन म्हणून, यावर त्या भेटीचा सारा अर्थ अवलंबून आहे. दळणाच्या श्रमाची आवर्तने आणि ओवीची आवर्तने यांचा संबंध वर्गात शब्दांनी सांगता येतो. जात्याचा खुंटा हातात धरून तो अधिक चांगला कळेल. वाटाड्याने मौन बाळगून विद्यार्थ्याला दळू द्यावे, असे हे स्थळ आहे.

आता मालगुंडकडे वळता येईल. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने केशवसुतांच्या जन्मघराचे स्मारक झाले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. हे काम मोठे आहे व मराठी समाजाने त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण स्थानपोथीची वर्गवारी लावली, तर मालगुंड हे केशवसुतांचे जन्मस्थान आहे. त्यांच्या कवितेचे ‘अवस्थान’ शोधू गेल्यास अन्यत्र जावे लागते. शिक्षण आणि शिक्षकाची नोकरी यांमागे ते गावोगाव हिंडले. ‘तुतारी’ १८९३ ची, म्हणजे त्यांच्या मुंबईच्या वास्तव्यातील. पुढे खानदेशात फैजपूर, मग धारवाड, आणि १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने अंत. त्यांच्या अनेक कवितांखाली स्थळ आणि दिनांक छापलेले आढळतात, म्हणजे स्थानपोथीचा आरंभ कवितेच्या पानावरच झालेला आहे. असे असताना केवळ मालगुंड पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात केशवसुत हे कौलारू घराचे, नारळीपोफळीचे कवी म्हणून ठसले, तर नवल नाही. भाड्याच्या खोल्यांत राहणारा, बदल्यांनी त्रासलेला, शहरातील विषमतेने अस्वस्थ होणारा शिक्षक त्या चित्रातून निसटतो. आधुनिक मराठी कवितेचा उगम समजून घ्यावयाचा, तर हे निसटणे परवडणारे नाही.

म्हणून विभागांनी करावयाचे काम स्पष्ट आहे. आपल्या परिसरातील एकेका लेखकाची स्थानपोथी सिद्ध करावी. तीत जन्मस्थान, निवासस्थान, लेखनस्थान, मुद्रण-प्रकाशनाचे स्थान हे भेद ठेवावेत. वास्तू मूळची, दुरुस्त केलेली की नव्याने बांधलेली, हे नोंदवावे. आत मांडलेली वस्तू लेखकाची, त्याच्या कुटुंबातील की केवळ त्या काळातील, हे सांगावे. वाटाडे सांगत असलेल्या कथाही टिपून घ्याव्यात. त्या खऱ्या असतील वा नसतील, पण लोकमानसातील लेखकाची प्रतिमा त्यांतून कळते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधास हा विषय पूर्णपणे योग्य आहे. हे काम इतिहासाच्या वा पुरातत्त्वाच्या विभागाने करावे, असे कोणी म्हणेल. त्यांचे साहाय्य घ्यावेच. परंतु कोणती कविता कोणत्या खोलीत लिहिली गेली, हा प्रश्न विचारण्याची गरज मराठीच्या अभ्यासकालाच वाटणार.

या कामाला उशीर करून चालणार नाही. शहरांतील जुने वाडे आणि चाळी पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. लेखकाला त्या खोलीत लिहिताना पाहिलेली माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. प्रत्येक घर वाचवता येणार नाही, हे मान्य करावयास हवे. प्रत्येक घर स्मारक व्हावे, असेही नाही. पण पाडण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, खिडकी कोणत्या दिशेस उघडत होती ते लिहून ठेवावे, शेजाऱ्याची आठवण टिपावी, एवढे कोणत्याही विभागाच्या आवाक्यात आहे. घर गेले तरी नोंद राहते आणि नोंद असली तर पुढचा अभ्यासक त्या रिकाम्या जागेपाशीही योग्य प्रश्न विचारू शकतो. सहाशे वर्षांपूर्वी मराठीत हे काम झालेले आहे. ते पुन्हा हाती घेण्यास नव्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या अभ्याससहलीत एक वही, एक मोजपट्टी आणि कवितासंग्रह बरोबर असला तरी आरंभ होईल.