सोयी नाहीत, हीच सोय

ग्रेट निकोबारला जायचा बेत जुळवायला घ्या, पहिला सल्ला ठरलेला: "तिथे काही नाहीये हो! हॅवलॉकला जा. स्कूबा आहे, रिसॉर्ट आहे, व्हेज थाळीसुद्धा मिळते." यात 'काही' म्हणजे एसी, नेटवर्क आणि रविवारी रात्री घरी पोहोचवणारं विमान. दर हिवाळ्यात समुद्र ओलांडून अंडी घालायला येणारी अजस्र लेदरबॅक कासवं, पालापाचोळा आणि वाळूच्या ढिगाऱ्यात अंडी पुरून त्या उबेवर पिल्लं काढणारा मेगापोड पक्षी, खाऱ्या पाण्यातल्या मगरी हे सगळं त्या 'काही'त मोडत नाही.

बेत तसा साधा आहे. पोर्ट ब्लेअरपर्यंत विमान (गावाचं नाव २०२४मध्ये श्रीविजयपुरम झालं, समुद्राला अजून कळवलेलं नाही). तिथून पाचशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला ग्रेट निकोबार बेटावरचं कॅम्पबेल बे. बेटाच्या दक्षिण टोकावर उभं राहिलं की पोर्ट ब्लेअरपेक्षा सुमात्रा जवळ! जायला सरकारी बोट. ती निकोबारची बंदरं घेत, हवा पाहत जाते. हेलिकॉप्टर आहे, पण आधी आजारी माणसं, मग तुमची हौस. परतीची तारीख ऑफिसात छातीठोकपणे सांगता येत नाही.

बेटावर दोन राष्ट्रीय उद्यानं आहेत, दोन्ही १९९२ची. उत्तरेला कॅम्पबेल बे, सुमारे ४२६ चौरस किलोमीटर; दक्षिणेला गॅलाथिया, सुमारे ११०. ताडोबाच्या गेटवर लागते तशी जिप्सींची रांग इथे नाही. बेटाचा बराच भाग आदिवासी राखीव क्षेत्र आहे. १९५६च्या नियमानुसार प्रशासनाच्या परवानगीशिवाय तिथे पाय टाकता येत नाही. हे ऐकून आमच्याकडचे हौशी लोक भडकतात. "आपल्याच देशात आपल्याला परवानगी?" हो, आपल्यालाच. आत शोम्पेन आदिवासी राहतात, २०११च्या जनगणनेनुसार जेमतेम सव्वादोनशे. आपला साधा सर्दी-खोकला त्यांच्या जिवावर बेतू शकतो. 'शोम्पेन बघायला मिळतील का हो?' असं विचारणाऱ्याला तर बोटीवर चढूच देऊ नये.

उद्यानांची खरी राखण आजवर या गैरसोयीने केली. आणि ती मोडायचा घाट आता घातला जातोय, तोही माझं-तुमचं नाव पुढे करून. नीती आयोगाच्या पुढाकाराने आखलेल्या अवाढव्य प्रकल्पात मालवाहतूक बंदर आहे, विमानतळ आहे, वीजप्रकल्प आहे, नवं शहर आहे. आणि या ताटात कोशिंबिरीसारखं वाढलंय 'पर्यटन'. जेमतेम आठ हजार वस्तीच्या बेटावर साडेतीन लाख माणसं वसवण्याचा हिशोब मांडलाय. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आणि सरकारी आकड्यानुसारच लाखो झाडं पडणार. भरपाईची झाडं कुठे? हरियाणात! विषुववृत्ताजवळच्या पावसाळी जंगलाचा मोबदला हरियाणाच्या कोरड्या मातीत देणाऱ्या डोक्याला दंडवत.

मला जंगलात शिरायला अर्ज करावा लागतो. बंदर थेट गॅलाथियाच्या उपसागरात शिरतं, आणि त्याच्यासाठी तिथलं अभयारण्यच जानेवारी २०२१मध्ये रद्द होतं. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याची रुंदी मसुद्यात काय, तर शून्य ते एक किलोमीटर. शून्य किलोमीटर रुंदीचा संरक्षक पट्टा! पुण्यात यापेक्षा रुंद दुभाजक सापडतात. कासवांसाठी म्हणे लिटल निकोबारवर नवं अभयारण्य जाहीर केलंय. पत्ता बदलल्याची नोटीस कासवांना कोण बजावणार, तेवढं राजपत्रात राहून गेलं.

'स्थानिकांना विकास नको का?' हा पुढचा प्रश्न. हवा आहे. १९६९पासून इथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक चारेक मीटर खचलं, मागून त्सुनामी आली आणि रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. या लोकांना भरवशाची बोट हवी, डॉक्टर हवा, नीट रस्ता हवा. त्सुनामीनंतर किनाऱ्यावरून हलवलेल्या निकोबारी आदिवासींना आपल्या जुन्या गावी परतायचंय. यातल्या कशाला साडेतीन लाखांचं शहर लागतं? आणि ज्या जमिनीने एका सकाळीत एवढी खोल बुडी मारली, तिथेच मोठं बंदर बांधायला निघालेल्यांना धाडसी म्हणायचं की विसरभोळे?

पण नुसत्या दिल्लीला शिव्या घालून आपण सुटत नाही. परतल्यावर 'जागा छान, सोयी शून्य' असा शेरा मारणारे आपणच. प्रकल्पवाल्यांना आयतं कोलीत मिळतं ते तिथे. तर 'पर्यटकांच्या सोयीसाठी' म्हणून जी काही यादी तयार होत असेल, तिच्यातून माझं नाव खोडा. मला बोटीत उलट्या झालेल्या चालतील. परवानगी नाकारली तर कॅम्पबेल बेच्या बाजारात चहा पिऊन मी परत फिरेन, आणि नाकारणाऱ्या कारकुनाचे आभारही मानेन.