पहिला पैसा कुणाचा?

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या तयारीसाठी आपल्या मंडळाची बैठक झाली. सभागृहाचे भाडे, भोजन आणि सजावट यांसाठी लागणारी रक्कम एकाच संध्याकाळी जमली. त्याच बैठकीत महाराष्ट्रातील एका तरुणाचे पत्र वाचले गेले. आपल्या वस्तीतील वयोवृद्ध भीमगीत गायकांवर त्याला माहितीपट करावयाचा होता. त्याची मागणी मोठी नव्हती. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे आम्ही ठरवले. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. या ‘आम्ही’मध्ये मीही आहे.

पुढे नेल्सन जॉर्ज या आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची पुस्तके वाचताना ते पत्र मला वारंवार आठवत राहिले.

जॉर्ज यांचा जन्म १९५७ मध्ये ब्रुकलिनचा. महाविद्यालयात असतानाच त्यांनी हार्लेममधील ‘ॲम्स्टरडॅम न्यूज’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात उमेदवारी केली. १९८२ ते १९८९ या काळात ते ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकात कृष्णवर्णीय संगीताचे संपादक होते. याच साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची लोकप्रियतासूची एकेकाळी ‘रेस’ या शब्दाने ओळखली जाई. १९४९ मध्ये ती ‘रिदम अँड ब्लूज’ झाली, १९६९ मध्ये ‘सोल’ आणि १९८२ मध्ये ‘ब्लॅक’. गाणे कृष्णवर्णीयांचे, नामकरण मात्र इतरांच्या हाती! बाहेरच्यांनी लादलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या वागवलेल्या आपल्या समाजाला यातील बोच समजावून सांगण्याची गरज नाही. जात आणि वंश एक नव्हेत. परंतु आपली ओळख दुसऱ्याने ठरवण्याचा अनुभव दोहोंकडे आहे.

जॉर्ज यांनी १९८५ मध्ये मोटाऊन या डेट्रॉइटच्या ध्वनिमुद्रण संस्थेवर पुस्तक लिहिले. या संस्थेचा आरंभ आपल्या घरगुती भिशीची आठवण करून देतो. बेरी गॉर्डी यांच्या कुटुंबाने एक सामाईक बचत निधी चालवला होता. त्यातून १९५९ मध्ये ८०० डॉलर त्यांना कर्जाऊ मिळाले. पुढे जगभर ऐकल्या गेलेल्या संगीताचा पहिला पैसा असा घरातला होता.

त्यांचे ‘द डेथ ऑफ रिदम अँड ब्लूज’ हे पुस्तक १९८८ मध्ये आले. मोठ्या कंपन्यांनी कृष्णवर्णीय कलावंतांना दारे उघडली, ही प्रगतीच होती. पण गोऱ्या ग्राहकाच्या पसंतीमागे धावताना कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या ध्वनिमुद्रण संस्था, नभोवाणी केंद्रे आणि दुकाने यांचे जाळे विरत गेले, असे ते मांडतात. गायक प्रसिद्ध झाले, संस्था हातातून गेल्या. याच वर्षी मोटाऊनही ६ कोटी १० लाख डॉलरला विकली गेली. समावेशनाला जॉर्ज यांचा विरोध नाही. समावेशनासाठी स्वतःच्या संस्था मोडीत काढण्याला आहे.

मला त्यांची कारकीर्द मोलाची वाटते ती येथे. हे निदान कागदावर मांडून ते थांबले नाहीत. स्पाइक ली हा तरुण आपला पहिला चित्रपट पूर्ण करण्यासाठी पैसे गोळा करत होता, तेव्हा साहाय्य करणाऱ्यांत जॉर्ज होते. ‘शीज गॉटा हॅव इट’ सुमारे पावणेदोन लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि १९८६ मध्ये प्रदर्शित झाल्यावर त्याने अमेरिकेत ७० लाखांहून अधिक डॉलर मिळवले. पुढे जॉर्ज स्वतः निर्माते झाले. १९९३ च्या ‘सीबी फोर’मध्ये त्यांनी रॅपच्या जगातील खोट्या मर्दुमकीचीच खिल्ली उडवली. २००७ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लाइफ सपोर्ट’ या दूरचित्रवाणीपटाला आधार होता तो एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि वस्तीत जागृतीचे काम करणाऱ्या त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या आयुष्याचा. घरातील वेदना त्यांनी लपवली नाही आणि ती सांगण्याचे काम परक्यावरही सोपवले नाही.

यावर काही जण म्हणतील, ‘गावाकडच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आधी, चित्रपट कसले काढता?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मात्र आपल्याच इतिहासात आहे. १९२० मध्ये समाज अन्नाला महाग असताना बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे ‘बहिष्कृत भारत’ चालवताना बाबासाहेबांना स्तंभच्या स्तंभ एकट्याने लिहावे लागले आणि मदतीसाठी वाचकांपुढे हात पसरावे लागले. भाकरी आणि वाणी यांपैकी एकच निवडा, असे त्यांनी समाजाला कधी सांगितले नाही. दुसऱ्याच्या व्यासपीठावर आपल्याला किती जागा मिळेल, हे तो दुसराच ठरवतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्यापैकी बहुतेक जण संगणक, वैद्यक वा वित्त क्षेत्रांत आहोत. आपल्याला कॅमेरा चालवता येत नाही, पण पहिला पैसा घालता येतो. पडद्यावर आपली माणसे चुकीची दिसली की आपण तावातावाने निषेध नोंदवतो; तो नोंदवलाच पाहिजे. परंतु योग्य चित्रण करू पाहणारा तरुण दारात उभा असतो तेव्हा आपण खिशात हात घालतो का?

माझी सूचना साधी आहे. यंदापासून जयंतीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा लेखन, संगीत आणि चित्रपट यांसाठी वेगळा ठेवावा. निवड खुल्या पद्धतीने व्हावी, हिशेब सर्वांसमोर यावा. कलाकृती आपल्याला रुचेल अशीच असावी, ही अट मात्र नसावी. आपल्या उणिवा दाखवणाऱ्यालाही हा पैसा मिळावा. तिची मालकी तो कलावंत आणि समाज यांच्याकडेच राहावी.

त्या तरुणाच्या पत्रातील गायक वयोवृद्ध आहेत. त्यांचा आवाज आपल्या पुढच्या बैठकीची वाट पाहत थांबणार नाही. म्हणून ते पत्र मी येत्या बैठकीत पुन्हा वाचणार आहे, या वेळी माझ्या वर्गणीसह.

जय भीम!