परदेशी शिक्षणाची वाट चावडीवरून जाते

भातलावणी उरकली, की मार्गासनी परिसरातल्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. चिखलाचे पाय धुऊन माणसं पारावर टेकतात आणि गप्पा पोरांच्या शिक्षणावर येतात. कुणाचं पोरगं नसरापूरला, कुणाची पोरगी पुण्यात वसतिगृहावर. अलीकडे या गप्पांत एक नवा प्रश्न ऐकू येतो. ‘‘साहेब, पोरगी म्हणतीय परदेशात शिकायचंय. सगळा खर्च खरंच शिष्यवृत्तीत भागतो, का रान गहाण टाकावं लागंल?’’

भागतो. फी, राहणे-जेवणे, विमानाचे भाडे, सगळे भागवणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत. पण त्या हुशारीइतक्याच कागदांवर मिळतात, आणि ते कागद लंडनला नव्हे, आपल्या गावात तयार होतात. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.

ही वाट काही आजची नाही. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1915 साली एम. ए. झाले. पुढे लंडनला अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली व 1917 साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. 1920 साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची शिल्लक आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत घेऊन. पैसा मध्येच आटला की केवढ्या मोठ्या माणसाचेही शिक्षण अडते, हे यावरून ध्यानात यावे.

शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. परदेशातून परतल्यावर 1918 साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जमिनीवर माणसांचा भार फार आणि अवजारे-भांडवल तोकडे, हे खरे दुखणे आहे, म्हणून उद्योग वाढवून हा भार हलका करा, असे त्यांचे म्हणणे होते. गुंठ्या-गुंठ्याची खाचरे कसणाऱ्या भोर-वेल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. परदेशातली विद्या गावाच्या प्रश्नाला अशी कामी येते.

आजच्या काळातले उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातले आहे. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे हे शेतकरी कुटुंबातले, भटक्या समाजातले. पदवी घेतली ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. पुढे गावपाड्यांत काम केले आणि 2021 साली ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला शिकायला गेले. त्यांनी उभी केलेली ‘एकलव्य’ संस्था आता खेड्यातल्या मुलामुलींना उच्च शिक्षणाची वाट दाखवते. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे कमीपणा, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या चेव्हनिंगसाठी वयाची कमाल अट नाही. पदवी लागते, दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरतात, म्हणजे आपल्याकडे लावणी उरकल्यापासून कापणी तोंडावर येईपर्यंत. प्रवेश मात्र पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. तेव्हा वर्षभर आधी रोप टाकले तरच लावणी होते.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून दरवर्षी 75 जागा असतात. तिचा कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. आदिवासी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, मराठा व खुला प्रवर्ग यांच्यासाठी निरनिराळ्या योजना आहेत. मराठा समाजासाठीची ‘सारथी’मार्फत चालते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व भटके-विमुक्तांबरोबर भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहेत, हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. जागा, उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचा क्रमांक या अटी बदलत असतात. त्या त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करावा.

आता दुखऱ्या जागेकडे वळू. आमच्या माहितीतली एक शेतकऱ्याची मुलगी, कृषी पदवीधर. परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले. पण शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, आधारवर दुसरे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापाने भाताची भांगलण सोडून हेलपाटे घातले. एक दिवस साहेब मीटिंगला, एक दिवस मशीन बंद, एक दिवस ‘उद्या या’. दाखला मिळाला तेव्हा अर्जाची मुदत टळून तीन दिवस झाले होते. कुणी लाच मागितली नाही, कुणी वाईट बोलले नाही. पण पोरीचे वर्ष गेले आणि त्यानंतर घरात लग्नाची बोलणी सुरू झाली.

म्हणून तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना कळकळीची विनंती आहे. शिष्यवृत्तीचा कागद समोर आला, तर तो पाणी सोडण्याच्या पाळीसारखा समजा. पाळी चुकली की पीक जळते. ग्रामसभेत वर्षातून एकदा या योजना वाचून दाखवा, जाहिरात फलकावर लावा. आम्ही कृषी खात्याची माणसेही बांधावर जातोच. बियाण्याबरोबर ही माहिती सांगायला आमचे काय जाते?

शेतकरी बंधूंनी आणि भगिनींनीही काही पथ्ये पाळावीत. मुलगा-मुलगी बारावीत असतानाच सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घ्या. जात पडताळणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट वेळेत काढा. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षी सुरू करू द्या. प्रस्तुत लेखक स्वतः कृषी पदविकाधारक आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, की पदविकेवर परदेशात पदव्युत्तर प्रवेश मिळत नाही. आधी पदवी पूर्ण करावी लागते, आणि ही गोष्ट दहावीनंतर वाट निवडतानाच कळलेली बरी. ‘शिष्यवृत्ती मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. चेव्हनिंगच्या अर्जाला एक पैसाही पडत नाही. आणि निकाल लागण्यापूर्वी रानाचा व्यवहार तर मुळीच करू नका.

सगळ्यांनाच ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. जागा थोड्या, अर्ज भरपूर. गुणांत कमी पडून संधी गेली तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. पण आपल्या खोऱ्यातल्या एखाद्या लेकराची संधी दाखल्यावाचून गेली, तर तो दोष त्या लेकराचा नव्हे, आपला सगळ्यांचा आहे. भाताच्या कापणीआधी ज्यांच्या घरी पदवीचे शेवटचे वर्ष आहे, त्यांनी एवढे करावे. आज संध्याकाळी ट्रंक उघडून सगळे कागद एकदा जुळवून पाहावेत.